गरिज्जीमवरचे ऐंशी दिवस

७ मे, मंगळवार

आज ब्राझीलचे एकोणतीस यात्रेकरू. सकाळी याकोबाची विहीर, दुपारी आमचा गरिज्जीम डोंगर.

विहिरीपाशी नेहमीचंच. बायबलात ती उघड्यावर आहे. दमलेला येशू तिथे टेकतो आणि एका शोमरोनी बाईकडे प्यायला पाणी मागतो. आता ती चर्चच्या तळघरात आहे. वर झुंबरं, बाहेर निर्वासितांची छावणी आणि टायरवाल्यांची दुकानं. यात्रेकरू बादलीतलं पाणी पितात, डोळे पुसतात आणि संडास कुठे आहे ते विचारतात.

मी शोमरोनी आहे, म्हणजे त्या बाईच्याच जमातीतला, जगात आम्ही उरलो आठशेच्या आसपास, असं सांगितलं. तेवढ्यात मागून एक जण ओरडला, "चांगला शोमरोनी!" सगळे हसले. प्रत्येक गटात असा एक असतोच. आमच्या अख्ख्या जमातीतला जगाला ठाऊक असलेला एकच माणूस, आणि तो गोष्टीतला. कधी जन्मलाच नाही. आम्ही जन्मलो, तर लोक आमच्याकडे संग्रहालयातल्या मडक्याकडे बघावं तसं बघतात.

घरी येऊन गच्चीवर पुदिन्याला पाणी घालत होतो. बद्रिया फोन कानाला धरूनच वर आली. ऊन समोरून थेट माझ्या डोळ्यांत येत होतं, तिचा चेहरा नीट दिसला नाही. म्हणाली, "मुलगी झाली. आत्ता, या घटकेला. दोघी सुखरूप आहेत."

मी विचारलं, "कोणाला?"

"शेजारच्या मांजरीला," म्हणाली आणि तरातरा खाली गेली.

पुदिन्याला पाणी जरा जास्तच झालं.

९ मे, गुरुवार

झोप नीट नाही. लिहून टाकलेलं बरं.

रगदा माझी एकुलती मुलगी. तिची आई समीहा जाऊन अकरा वर्षं झाली, तेव्हापासून माझी थोरली बहीण बद्रिया इथे राहते. दोन वर्षांपूर्वी रगदाने जिरयेसशी लग्न केलं. तो खाली शहरातल्या रफिदिया वस्तीतला ख्रिस्ती, औषधांचं दुकान आहे. मुलगा वाईट आहे असं कोणीच म्हणत नाही, हाच तर त्रास आहे. आमच्यातली मुलगी बाहेर गेली की ती आमच्यातली राहत नाही. नियम एवढाच आहे. भिंतीवरचा तिचा फोटो उतरवायचा हे नियमात नव्हतं, ते मी केलं. गावात मला 'अबू रगदा' म्हणायचे, रगदाचा बाप. त्या दिवसापासून मी त्या हाकेला ओ दिली नाही. लोकांनाही कळलं, आता वासिफ म्हणतात.

गच्चीवरून त्यांचं घर दिसतं. छपरावर निळी टाकी आहे. मी बघतो असं नाही, दिसतं.

१४ मे, मंगळवार

बद्रिया दाताच्या डॉक्टरकडे खाली गेली ती चार तासांनी आली. येताच न्हायला बसली. मी म्हटलं, "दात दाखवायला गेलीस की गटारात पडलीस?"

"तुझ्या डोंगरावर पाणी महाग झालंय का?" आतून ओरडली.

अंगाला बडीशेपेच्या पाण्याचा वास येत होता. हल्लीचे डॉक्टर काय काय लावतात कोण जाणे.

१९ मे, रविवार

जेवताना बद्रियाने ताटाकडे बघत सांगितलं की ती मंडळी चिलीला चालली आहेत. जिरयेसचा काका तिकडे आहे. जुलै संपायच्या आत निघणार, कायमचे. रगदाने निरोप ठेवलाय, "बाबांना एकदा येऊन जाऊ दे."

मी घास संपवला. मग म्हटलं, "ऐंशी दिवस होऊ देत."

मोशेचा नियम स्पष्ट आहे. मुलगा झाला तर आई चाळीस दिवस वेगळी, मुलगी झाली तर ऐंशी. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, अंथरूण वेगळं, आणि तिला कोणी शिवायचं नाही. माझ्या आईने हे पाळलं, समीहाने रगदाच्या वेळी पाळलं. मी दारातून बोलायचो तिच्याशी.

बद्रिया म्हणाली, "ती आता आपल्यातली नाही असं तूच म्हणतोस. मग आपले दिवस तिला कसे लागू?"

मी आवाज चढवला. ती उठून भांडी घासायला लागली. भांड्यांचाच आवाज जास्त झाला.

नंतर हिशेब केला. मूल मंगळवारी संध्याकाळी झालं. संध्याकाळ म्हणजे सूर्य बुडाल्यावर. आमचा दिवस सूर्य बुडाला की सुरू होतो, तेव्हा जन्म बुधवारचा. बुधवारपासून ऐंशी मोजले तर २६ जुलै, शुक्रवार, सूर्यास्ताला पुरे. पण तेव्हाच शनिवारचा शब्बाथ लागतो. शब्बाथला आम्ही गाडीत बसत नाही, दिवा लावत नाही, लिहीतसुद्धा नाही. म्हणजे रविवार, २८. रविवारी जाईन.

ठरवल्यावर बरं वाटलं. जाणार नाही असं मी म्हटलेलंच नाही.

२३ मे, गुरुवार

समीहाची पेटी उघडली, कसर लागलीय का बघायला. रगदाच्या दुपट्याला लावायचो ती निळ्या मण्याची पिन सापडली. खिशात ठेवली. पेटीत गंजून जाईल.

९ जून, रविवार

सप्ताहांचा सण. पहाटे सगळी जमात पांढरे कपडे घालून शिखरावर चढली. अब्राहामाने इसहाकाला बळी द्यायला जिथे बांधलं ती जागा, यहोशवाच्या बारा शिळा, मग सनातन टेकडी. तिथे आम्ही चपला काढतो. याच डोंगरावर देवाने आपलं नाव ठेवलं असं आमचे पूर्वज म्हणाले, यरुशलेमवाले म्हणाले तिकडे, आणि त्या एका भांडणापायी पंचवीस शतकं गेली.

आता शिखराभोवती कुंपण आहे आणि फाटकावर वेळेची पाटी. सण नसतो तेव्हा मीच लोकांना आत नेतो. आठवड्यापूर्वी एक जण बारा शिळांपैकी एकीवर बसून बटाट्याचे वेफर खात होता. मी म्हटलं, "साहेब, ही जागा पवित्र आहे." त्याने विचारलं, "मग बाकडी का नाही ठेवली?" मला राग यायला हवा होता. पण प्रश्न रास्त होता.

उतरताना पुरोहित अझ्झाम बरोबर आले. ऐंशी ओलांडलेत, थांबत थांबत चालतात. म्हणाले, "नात झाली म्हणे."

"त्यांच्यात झाली," मी म्हणालो.

"मूल आहे, वासिफ. बघून ये. बघण्याला कोणी बंदी घातली नाही."

"ऐंशी दिवस पुरे झाले की जाईन."

ते एका दगडावर टेकले. मग म्हणाले, "तू माझ्याहून कडक निघालास." मला ते कौतुक वाटलं. रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं, कौतुक नसावं.

१८ जून, मंगळवार

बद्रिया पुन्हा डॉक्टरकडे. तोंडात दात किती आणि फेऱ्या किती! आली ती गाणं गुणगुणत, आणि न्हायला बसली. दात काढून घेऊन गुणगुणणारी बाई मी पहिल्यांदा बघितली. तिला म्हटलं, "एकदाच सगळे काढून टाक की."

"मग तुला शिव्या कशाने देऊ?"

बेचाळीस झाले.

१० जुलै, बुधवार

नायजेरियाची मंडळी. त्यांना 'चांगल्या शोमरोन्याची खानावळ' बघायचीच होती, म्हणून यरीहोच्या वाटेवर नेलं. गोष्ट येशूने सांगितली. एका वाटसरूला चोरांनी मारून रस्त्यात टाकलं. एक पुरोहित आला, बाजूने निघून गेला. मंदिराचा एक सेवक आला, तोही गेला. मग एक शोमरोनी आला, ज्याच्याशी त्यांचं हाडवैर, आणि त्याने त्याला उचलून खानावळीत नेलं.

आता गोष्टीतल्या खानावळीला पत्ता कुठला? पण लोकांना जागा लागते, तेव्हा जागा सापडली. हमरस्त्याच्या कडेला संग्रहालय आहे, बाहेर एक उंटवाला. जुन्या प्रार्थनाघरांच्या रंगीत फरश्या उचलून आणून तिथे मांडल्यात. आमच्या पूर्वजांच्याही आहेत. ज्या फरशीवर माझ्या माणसांनी कपाळ टेकलं ती मी दोरीच्या अलीकडून बोटाने दाखवतो. रस्ता इतका वेगाचा आहे की आज कोणी पडलेला असला तर चांगल्या शोमरोन्यालाही गाडी थांबवायला जागा मिळणार नाही. हे मी बोललो. कोणी हसलं नाही.

गटात मामा एबेले नावाची एक म्हातारी होती; त्यांच्यात आईला मामा म्हणतात. तिने विचारलं, "तो पुरोहित का नाही थांबला?"

हे मी हजारदा सांगितलंय. "त्याला वाटलं, माणूस मेलाय. प्रेताला शिवलं तर विटाळ होतो. माणूस कण्हत होता, पण त्याचं लक्ष नियमाकडे होतं."

"मग त्याला त्या रात्री झोप लागली का?"

"असं काही गोष्टीत नाही, मामा."

"गोष्टीत नाही ते मला माहीत आहे. मी तुला विचारतेय."

विचित्र बाई. उन्हाने डोकं फिरतं लोकांचं. खिशातली पिन बोटाला टोचली, तेव्हा कळलं की मी ती फिरवत बसलो होतो. चौसष्ट झाले.

२३ जुलै, मंगळवार

मोठं भांडण.

बद्रिया खालून आली आणि चप्पलसुद्धा न काढता म्हणाली, "शनिवारी सकाळी निघताहेत. सरहद्दीच्या पुलावरून अम्मान, तिथून विमान. तू शुक्रवारी जा."

"शुक्रवारी ऐंशी पुरे होत नाहीत. सूर्यास्ताला होतात. मग शब्बाथ."

"गुरुवारी पुरे होतात! मूल उजेडी झालं, वासिफ. मी फोन घेतला तेव्हा ऊन होतं. दोरीवरचे कपडे काढायचे होते मला."

"तुला कपडे आठवतात. मला दिवस आठवतो. सूर्य बुडाला होता."

"तुझ्या त्या वहीत बघ की. सगळं खरडतोस ना?"

"वहीत बघायची गरज नाही. माझं डोकं शाबूत आहे."

"डोकं शाबूत आहे," ती म्हणाली, "बाकीच्याचं बघ."

त्यांना शनिवारच मिळाला निघायला! आमचा शब्बाथ, हे रगदाला माहीत नाही का? रविवारी निघाले असते तर काय विमान पडलं असतं? मुद्दाम केलं असणार. मला यायचं असलं तरी येता येऊ नये, आणि दोष माझ्यावर यावा. हट्टी आहे. लहानपणापासून हट्टी. कोणावर गेली कोण जाणे.

२६ जुलै, शुक्रवार

सूर्यास्ताला अजून दोन तास आहेत. त्यानंतर लिहिता येणार नाही, म्हणून आत्ता लिहितो.

आजचा गट मी मागून घेतला. घरी बसलो असतो तर बद्रियाने डोकं खाल्लं असतं. पुन्हा खानावळ. पुन्हा पुरोहित आला आणि बाजूने गेला. सांगताना मधेच शब्द विसरलो, असं कधी होत नाही. पाणी प्यायलो आणि पुढे सांगितलं.

तीन वाजता घरी. बद्रिया दारात उभी, टॅक्सीवाला खाली थांबवलेला.

"चल. वीस मिनिटांचा रस्ता. बघून परत ये, शब्बाथच्या आधी घरी असशील."

"ती अजून वेगळी आहे."

"अरे, मग शिवू नकोस! दारात उभा राहा. समीहाच्या वेळी दारातून बोलायचास ना? आणि शिवलास तर काय होईल? मी शिवलेय. अकरा मंगळवार गेले आणि अकरा मंगळवार त्या पोरीला मांडीवर घेतलं. घरी आले, आंघोळ केली, दिवस बुडाला, शुद्ध झाले. एवढंच असतं ते, वासिफ! एक बादली पाणी आणि एक संध्याकाळ."

म्हणजे दात नव्हतेच. अडीच महिने माझ्या घरात मला फसवत होती. मी तेच बोललो. फसवलंस म्हणालो, बरंच काही बोललो. ती टॅक्सीवाल्याला जायला सांगायला खाली गेली. आता वर येऊन शब्बाथचं जेवण झाकून ठेवतेय.

कायदा म्हणजे कायदा. एकेकाने सोयीने वाकवला असता तर आम्ही आठशेसुद्धा उरलो नसतो. रगदाला हे कळेल. माझीच मुलगी आहे.

गच्चीवरून निळी टाकी दिसते. खालच्या रस्त्यावर सामानाची गाडी दिसत नाही. अजून आहेत.

२८ जुलै, रविवार

मी ठरल्याप्रमाणे रविवारी गेलो. का गेलो ते सांगता येत नाही. वाटलं, कधी कधी लोकांचं जाणं पुढे ढकललं जातं. कागदात काहीतरी निघतं, पूल बंद असतो. काल दिवसभर मी पूल बंद असावा असं मनात म्हणत होतो. प्रार्थनेत म्हणालो. देवाला शब्बाथला असलं मागू नये.

दार जिरयेसच्या आईने उघडलं. याआधी आम्ही एकदाच समोरासमोर आलो होतो, तेव्हा मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो होतो. ती मला बघून म्हणाली, "या, अबू रगदा."

दोन वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. मी ओ दिली नाही, पण उंबरा ओलांडला.

तिने कॉफी ठेवली नाही. थेट मागच्या खोलीत नेलं. भिंतीशी एक गादी गुंडाळलेली, खिडकीत एक ताट, एक पेला, एक चमचा. तिघांना लाल दोरा बांधलेला. समीहा बांधायची तसा.

"हे काय?" मी विचारलं. काय आहे ते मला कळत होतं.

"मला विचारता? तुमच्या मुलीचं खूळ! ऐंशी दिवस या खोलीत. आमच्यात असलं काही नाही. मी म्हटलं, बाई, डोकं फिरलंय का तुझं, इथे कोण बघतंय? म्हणाली, बाबा येतील तेव्हा त्यांना मला जवळ घेता आलं पाहिजे. तुमच्या बहिणीलाही बजावलं होतं, त्यांना सांगू नकोस, आपणहून येऊ देत." ती बोलत होती आणि खिडकीची काच बाहीने उगाच पुसत होती. "काकाने तिकिटं बुधवारची काढली होती. हिने रडून माझ्या मुलाला ती शनिवारची करायला लावली. का, तर गुरुवारी संध्याकाळी दिवस पुरे होतात आणि शुक्रवार बाबांना मोकळा हवा. गुरुवारी सूर्य बुडाला तशी न्हाली, पांढरे कपडे घातले. शुक्रवारी सकाळपासून पोरीला घेऊन पुढच्या दारात खुर्ची टाकून बसली. जेवायला उठली नाही. वर डोंगरावर तुमचे दिवे लागेनात, अंधार झाला, तेव्हा म्हणाली, शब्बाथ लागला, आता नाही येणार. आणि खुर्ची आत घेतली."

मी म्हणालो, "मोजण्यात चूक झाली."

"कोणाची?" ती म्हणाली.

निघताना तिने विचारलं, "नाव नाही विचारलंत पोरीचं?" मी थांबलो. "समीहा," ती म्हणाली, आणि दार लावलं. आपटलं नाही, हळूच लावलं.

डोंगर पायी चढून आलो. बद्रिया गच्चीवर पुदिना तोडत होती. माझ्याकडे बघून सरकली आणि जागा केली, पण मी खाली येऊन वही काढली. मंगळवार, ७ मेचं पान काढलं. माझंच अक्षर आहे. ब्राझीलचे एकोणतीस. विहीर. तो ओरडणारा माणूस. मग पुदिना, आणि फोन कानाला धरून वर आलेली बद्रिया. ऊन समोरून थेट माझ्या डोळ्यांत येत होतं.

बोटांवर पुन्हा मोजलं, मंगळवारपासून. दोनदा मोजलं. गुरुवारच येतो.

पिन त्या पानाला लावून ठेवली आहे.